मनावर घेतलं की

मटार सोलताना हात चालत होता. कणीक मळताना चालत होता, सुईत दोरा ओवताना चालत होता, स्कूटीचा ब्रेक दाबताना तर अगदी वेळेवर चालत होता. फक्त बोटांत चित्राचं पेन आलं, की प्रणिता साठयेच्या उजव्या हाताचा अंगठा आत वळायचा, करंगळी वर उचलली जायची आणि मनगट असं काही वाकायचं की निब कागदावरून भलतीकडेच जायची. पेन खाली ठेवलं की हात पुन्हा शहाण्यासारखा. दुखत नाही, खुपत नाही, सूज नाही. असा निवडून निवडून बंद पडणारा हात कुणी पाहिलाय? लोकांना सांगायचं तरी काय?

प्रणिता मूळची मिरजेची. लग्न करून लखनऊला आली त्याला एकोणतीस वर्षं झाली. नवरा श्रीरंग रेल्वेत इंजिनिअर, रोज चारबागला जाणारा. मुलगी स्वरदा वकिलीच्या शेवटच्या वर्षाला, मराठी सगळं समजणारी आणि उत्तर हिंदीत देणारी. प्रणिता स्वतः एका वनस्पती संशोधन संस्थेत चित्रकार होती. शास्त्रज्ञांनी आणलेली झाडं भिंगाखाली ठेवायची आणि पान, देठ, फूल, बी, सगळं काळ्या शाईनं काढायचं. त्यात सावली दाखवायची ती ठिपक्यांनी. दाट ठिपके म्हणजे अंधार, विरळ ठिपके म्हणजे उजेड. एका पानाला चार-पाच हजार ठिपके लागत, आणि सत्तावीस वर्षांत तिनं एकूण किती ठिपके दिले असतील याचा हिशेब ती स्वतःसुद्धा करायला धजली नव्हती. फोटोत न दिसणारी लव तिच्या चित्रात दिसते, असं संस्थेतले लोक म्हणत. आणि ते खरंच होतं, त्यात उगाच विनय कशाला?

संस्था हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतल्या वनस्पतींवर एक मोठा ग्रंथ काढत होती. त्यात चौसष्ट चित्रं. त्रेसष्ट प्रणितानं काढून झाली होती. चौसष्टावं होतं एका वीतभर उंचीच्या ऑर्किडचं. त्याच्या फुलाची खालची पाकळी जिभेसारखी पुढे आलेली, आणि तिच्यावर लव इतकी बारीक की श्वास रोखून बघावं लागे. ते चित्र नोव्हेंबरच्या अखेरीला छापखान्यात जायचं होतं. झालं, की ग्रंथाच्या पहिल्या पानावर ‘सर्व चित्रे: प्रणिता साठये’ असं छापून येणार होतं. तिला त्या ओळीतलं नाव फारसं नको होतं, नाव काय, पगारपत्रकावरही असतं. तिला हवा होता तो ‘सर्व’ हा शब्द. मार्च महिन्यात त्या ऑर्किडच्या देठावर ती ठिपके देत होती, आणि अंगठा पहिल्यांदा आत वळला.

“थकली असशील. दोन दिवस सुट्टी काढ,” श्रीरंग म्हणाला.

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, तरी तेच. मग सल्ल्यांना सुरुवात झाली, आणि सल्ला द्यायला लोकांचं काय जातं? कुणी रबरी चेंडू दाबायला दिला, कुणी मोहरीच्या तेलानं मालीश सांगितलं. ऑफिसात एक जण दुसऱ्याला म्हणताना तिनं ऐकलं, “टिफ़िन तो बढ़िया खोल लेती हैं मैडम, बस क़लम नहीं पकड़ी जाती.” त्या दिवशी तिनं डबा न खाताच परत आणला. कारण तो माणूस खोटं काही बोललेला नव्हता.

श्रीरंगचं औषध सगळ्यांत सोपं होतं. तो म्हणाला, “अगं, तू मनावर घे. तू मनावर घेतलंस आणि झालं नाही, असं आजवर कधी झालंय?”

हे वाक्य प्रणितानं लहानपणापासून ऐकलं होतं. मिरजेत आई शेजारणींना सांगायची, आमच्या प्रणिताचं काही नाही, तिनं मनावर घेतलं की होतं. मनावर घेऊन गणित सुटलं, मनावर घेऊन स्कूटी आली, मनावर घेऊन अडतिसाव्या वर्षी ती उर्दू वाचायला शिकली. मनावर घेणं ही तिची एकच विद्या. तेव्हा तिनं मनावर घेतलं. रोज सकाळी सात ते आठ, टेबलाशी ताठ बसून, एकेका बोटाला बजावत तिनं सराव केला. महिन्याभरात अंगठा तळहाताला टेकू लागला. आधी दहा ठिपक्यांनंतर वळायचा, आता पेन उचलायच्या आतच वळू लागला.

मे महिन्यात डॉक्टर गाठले. डॉक्टर विपुल सक्सेना मेंदूचे तज्ज्ञ, लखनऊचेच, बोलणं अगदी मऊ. त्यांनी तिला शर्टाचं बटण लावायला सांगितलं, तिनं लावलं. नाणं उचलायला सांगितलं, तिनं उचललं. मग पेन दिलं आणि गोल गोल चकली काढायला सांगितली. हात वाकडा झाला. डॉक्टर बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले, आणि प्रणिताला एकाएकी रडू आलं. दोन महिन्यांत त्या हाताकडे संशय न घेता बघणारा हा पहिला माणूस होता.

“मैडम, कभी पतंग उड़ाई है?” डॉक्टरांनी विचारलं.

“बचपन में. मिरज में.”

“तो समझ जाएँगी. हर उँगली पर दो डोरें हैं. एक खिंचे तो दूसरी को ढील मिलनी चाहिए. आपका दिमाग़ दोनों को एक साथ खींच रहा है. हाथ में कोई ख़राबी नहीं है, हुक्म ही उलझा हुआ पहुँच रहा है.”

ढील हा शब्द तिला मराठीतलाच वाटला, मिरजेच्या गच्चीवरचा. डॉक्टरांनी पुढे सांगितलं ते असं, की मेंदूत प्रत्येक बोटाचा आपापला कप्पा असतो. वर्षानुवर्षं एकच बारीक काम, तीच पकड, तीच गती, असं चालू राहिलं तर क्वचित कुणाकुणाच्या मेंदूत हे कप्पे एकमेकांत मिसळतात. मग एका बोटाला बोलवावं तर तिघं धावतात. तेही त्या एकाच कामापुरतं. मटार सोलण्याची वाट वेगळी, म्हणून ती शाबूत.

“और ज़ोर लगाने से?” तिनं विचारलं.

“जितना ज़ोर लगाएँगी, उतना बिगड़ेगा.”

बाहेर गाडीत बसल्यावर श्रीरंगनं पट्टा लावला. मग म्हणाला, “म्हणजे मनावर घ्यायचंच नाही?”

 प्रणिताला आयुष्यात एकच गोष्ट येत होती, आणि नेमकी तीच सोडायला सांगितली होती. बरं, ती सोडायची तरी कशी? सोडायचं हेही मनावरच घ्यावं लागणार.

जूनमध्ये हातात इंजेक्शनं झाली. त्यानं वळणारे स्नायू सैल पडतात. पडले खरे, पण इतके की दीड महिना तिला चहाचा कप दोन हातांनी धरावा लागला. ताकद परत आली तसा अंगठाही परत आला. डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, पुन्हा करून बघू, मात्रा कमी करू, पण चित्राइतकं बारीक काम परत येईलच असं मी वचन देणार नाही.

संस्थेत तिच्या विभागाचे प्रमुख होते डॉ. गजेंद्र सिंह. भला माणूस. ऑगस्टमध्ये त्यांनी तिला खोलीत बोलावून चहा पाजला आणि चहा संपेपर्यंत मूळ विषय काढला नाही. मग अवघडून म्हणाले, की दिल्लीची एक एजन्सी फोटोवरून कॉम्प्युटरवर चित्र करून देते. चौसष्टावं चित्र त्या एजन्सीकडून करून घ्यावं काय? “आपकी मर्ज़ी के बिना नहीं, मैडम.”

“नवंबर तक रुक जाइए, सर,” ती म्हणाली. आणि बाहेर आल्यावर तिला स्वतःचाच राग आला, की कशाच्या जोरावर मुदत मागितली?

सप्टेंबरात गौरी आल्या. साठयांच्या घरी गौरी उभ्याच्या, म्हणजे उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत रांगोळीची पावलं हवीत. लखनऊच्या चिनहट भागातल्या त्यांच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर सारवलेलं अंगण कुठून येणार, पण फरशीवर का होईना, पावलं हवीतच. प्रणिता खाली बसून पावलं काढत होती. स्वरदा दारातून जिन्यात डोकावून खालच्या भाजीवाल्याशी बोलत होती.

“मम्मा, भैया पूछ रहे हैं, सब्जी में और क्या?”

“भोपळा सांग. आणि सोळा भाज्या व्हायला हव्यात, मोज आधी.”

“मम्मा, सोलह कौन गिनेगा यार.”

“गौरी मोजतात. अळू विचार त्यांना.”

पावलं झाली. मग तिनं पाटासमोर ठिपक्यांची रांगोळी घेतली, अकरा ते सहा. चिमटीत रांगोळी घ्यायची, मनगट हवेत, अंगठा तर्जनीवर जरासा घासायचा, ठिपका पडतो. स्वरदाशी भोपळ्यावरून वाद घालता घालता तिनं सगळे ठिपके टाकले. सरळ रेषेत, मोहरीएवढे, सगळे सारखे. आणि शेवटचा ठिपका टाकून झाल्यावर ती हाताकडे बघत राहिली. करंगळी वर होती, पण ती रांगोळी काढताना तशीही वरच असते. अंगठा जागच्या जागी होता.

तिनं उठून हात न धुताच पेन आणलं. नेहमीसारखं बोटांत धरलं नाही. चिमटीत, वरून, उभं धरलं, रांगोळी धरावी तसं. मनगट हवेत. वर्तमानपत्राच्या कडेला एक ठिपका दिला. मग दुसरा. मग तिनं शंभर ठिपके दिले आणि हात वळला नाही. ती तिथेच पावलांच्या मध्ये बसून रडली. स्वरदा घाबरून आत धावत आली, आणि येताना गौरीच्या दोन पावलांवर पाय देऊन आली. प्रणितानं तिला काही म्हटलं नाही.

पुढचे पाच आठवडे तिच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. रोज ऑफिसात गेल्यावर ती टेबलाशी बसायची आणि हाताला फसवायची. आपण चित्र काढतोय हे हाताला कळू द्यायचं नाही. मनात मिरजेचं अंगण आणायचं, तोंडानं आईची आरती पुटपुटायची आणि चिमटीतून ठिपके सोडायचे. देठ झाला, दोन्ही पानं झाली, कंद झाला, फुलाच्या वरच्या पाकळ्या झाल्या. चित्र पूर्वीपेक्षा सावकाश होत होतं, पण होत होतं. फक्त ती जिभेसारखी पाकळी उरली होती.

या सुखात एक बारीकसं कुसळ होतं. आईकडे एक पितळी वाटी होती, सोवळ्यातली, फक्त नैवेद्याची. आठ-नऊ वर्षांच्या प्रणितानं एकदा ती ताक आणायला शेजारी नेली होती. आई रागावली नाही, पण ती वाटी तिनं पुन्हा देवापुढे ठेवली नाही, स्वयंपाकघरात मिठाला घेतली. रांगोळीचा हात ऑफिसात नेताना प्रणिताला ती वाटी अधूनमधून आठवायची. पण ठिपके पडत होते. पडणाऱ्या ठिपक्यांसमोर असल्या शंका कोण ऐकून घेतो?

ऑक्टोबरात ग्रंथाचं काम बघायला दिल्लीहून समिती आली. चार जण. गजेंद्र सिंह त्यांना घेऊन तिच्या टेबलाशी आले. त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता, घरातल्या मुलीचं कौतुक पाहुण्यांना सांगताना असतो तसा. “मैडम, ज़रा वो रंगोली वाली तरकीब दिखाइए इन लोगों को.”

तिला नको होतं. पण सहा महिने ज्या हातावर लोक हसले, त्याचं कौतुक होताना बघायचा मोह तिलाही झाला, आणि त्यात तिचं काही चुकलं असं म्हणवत नाही. तिनं चित्र पुढे ओढलं. चिमटीत पेन धरलं. पाकळीच्या कडेला सात-आठ ठिपके दिले. पाहुणे वाकून बघत होते.

“कमाल है,” समितीतल्या एक बाई म्हणाल्या. त्याही शास्त्रज्ञ होत्या, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. “अच्छा, इसमें पहले अँगूठा दबता है, या उँगली?”

प्रणिताला माहीत नव्हतं. पन्नास वर्षांत तिनं कधी बघितलं नव्हतं. बाईंना नीट उत्तर द्यावं म्हणून तिनं पहिल्यांदाच चिमटीकडे लक्ष देऊन पाहिलं, आणि मनाशी म्हणाली, बघू या, आधी अंगठा.

अंगठा आत वळला. निब पाकळीवरून घसरली आणि ठिपक्याच्या जागी जिऱ्याएवढी रेघ उमटली.

 पाहुणे सभ्य होते, त्यांनी लगेच दुसऱ्या टेबलावरच्या चित्रांचं कौतुक सुरू केलं. गजेंद्र सिंह मागे थांबले. रेघ ब्लेडनं खरवडता येते, हे दोघांनाही माहीत होतं. “दिल पे मत लीजिए, मैडम,” ते हळूच म्हणाले. “दो दिन आराम कीजिए, फिर हो जाएगा.”

दोन दिवसांनी झालं नाही. चार दिवसांनी झालं नाही. तिनं अंगण आठवलं, आरती म्हटली, चिमूट धरली, आणि प्रत्येक वेळी कुठूनतरी तो प्रश्न आला, आधी अंगठा की आधी बोट? आला की हात बंद. तो येऊ नये म्हणून तिनं मोठ्यानं पाढे म्हणून बघितले. टेबलाशी बसून पाढे म्हणणाऱ्या चौपन्न वर्षांच्या बाईकडे लोक बघत होते, आणि तिला त्याची लाज वाटण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी ती स्वतः गजेंद्र सिंहांच्या खोलीत गेली आणि चित्र त्यांच्या टेबलावर ठेवलं.

“एजेंसी को भेज दीजिए,” ती म्हणाली. “बस एक पंखुड़ी बाक़ी है.”

त्यांनी चित्र हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, की मग पहिल्या पानावर काय छापायचं? ‘सर्व’ ठेवलं तरी कुणाला कळणार नाही.

“मला कळेल,” ती मराठीतच म्हणाली. त्यांना ते समजलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दिवाळी आली. धनत्रयोदशीला ती माळ्यावरचे डबे काढण्यात होती, नरक चतुर्दशीला उटणं आणि फराळ. दारातल्या रांगोळीची वेळ आली की तिला काहीतरी दुसरं काम निघे. स्वरदानं दारात पणत्या ठेवून टाकल्या. हे असं का होतंय ते प्रणिताला पक्कं ठाऊक होतं, पण ते तपासून बघायची तिची छाती होत नव्हती. न तपासता ते अजून खरं नव्हतं.

पाडव्याला मात्र पळवाट नव्हती. बायकोनं नवऱ्याला ओवाळायचं, पाटाभोवती रांगोळी काढून. लखनऊत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सगळं शहर गच्चीवर पतंग उडवायला चढतं. सकाळपासून ‘वो काटा’ चालू होतं. श्रीरंग नवा कुर्ता घालून आला आणि म्हणाला, “चला, ओवाळून घ्या लवकर, मला वर जायचंय.”

प्रणिता पाटाशी खाली बसली. वाटीतून चिमूटभर रांगोळी घेतली. मनगट हवेत. समोर फरशी, आजूबाजूला आपलीच माणसं, कसली समिती नाही, कसला ग्रंथ नाही. फक्त पाटाच्या चार कोपऱ्यांत चार ठिपके आणि त्यांना जोडणारी रेघ. सहा वर्षांची असताना येत होतं ते.

अंगठा आत वळला. चिमूट मिटली, आणि सगळी रांगोळी एकाच जागी ढिगानं पडली.

तिनं ती गोळा केली. पुन्हा घेतली. पुन्हा ढीग. श्रीरंग उभा होता तो हळूच खाली बसला. त्याला चित्रातलं काही कळत नसे, पण या हातानं एकोणतीस पाडव्यांना काढलेली रांगोळी त्याला माहीत होती.  त्यानं तिच्या मुठीवर हात ठेवला. “असू दे गं,” तो म्हणाला. “मनावर घेऊ नकोस.”

तिला हसूच आलं. मे महिन्यापासून ती हेच तर शिकत होती, आणि तेवढंच तिला आलं नव्हतं.

स्वरदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. ती आत गेली आणि एक पातळ पुडकं घेऊन आली. “मम्मा, मैं अमीनाबाद से लाई थी. रूम के लिए. लगा दूँ?”

प्लास्टिकची चिकटवायची रांगोळी होती. लाल, पिवळी, मध्ये मोर. घरात असल्या रांगोळीचं नाव काढलं तरी प्रणिता एरवी तोंड वाकडं करायची. मागच्या वर्षी तिनं शेजारच्या दारातली बघून अख्ख्या जेवणभर टीका केली होती.

“आण इकडे,” ती म्हणाली.

स्वरदाला मागचा कागद निघेना, तिचं नख सारखं घसरत होतं. प्रणितानं ते पुडकं घेतलं. उजव्या हाताच्या नखानं कागदाचा कोपरा अलगद सोडवला, एका ओढीत संपूर्ण कागद काढला, मोर पाटासमोर बरोबर मध्यावर धरला आणि अंगठ्यानं मधून कडेपर्यंत दाबत नेला. कुठे सुरकुती नाही, कुठे हवेचा फुगा नाही.

श्रीरंगचा चेहरा उजळला. “बघ की,” तो म्हणाला. “चालतोय तुझा हात.”

“हो,” प्रणिता म्हणाली. “याला चालतो.”

मग तिनं निरांजन लावलं आणि त्याला ओवाळलं. ताम्हण एवढं स्थिर फिरत होतं की ज्योत जराही हलली नाही.